पोटातली विष्णुपुरी

गेल्या शनिवारी बऱ्याच वर्षांनी विष्णुपुरीला गेलो. कॉलेजची चार वर्षं इथंच काढली. संध्याकाळी धरणावर गोदावरीचं पाणी बघत उभा राहिलो. नांदेडबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, इथलं पाणी पंपांनी उपसून वर चढवतात, मग ते कालव्याला लागतं. वीज गेली की संपलं!

तिथंच सेकंड इयरचा पावसाळा आठवला. बाहेरचं काहीतरी खाऊन जुलाब लागले होते. मी काय करावं? रूममेटच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या खाल्ल्या, डॉक्टरला न विचारता. जुलाब थांबायचे सोडाच, आणखी आठवडाभर चालले. शेवटी घर गाठलं. आजीने मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं. म्हणाली, "पी बाबा. माझ्या थोरल्याचं पाणी तोडलं व्हतं. तवा तसंच सांगायचे." थोरला म्हणजे मी कधीच न पाहिलेला काका. १९६३ साल, वय दीड वर्ष. जुलाबानेच गेला.

ते वाक्य डोक्यात अडकलं होतं. परत आल्यावर वाचायला बसलो, त्याचा हा सारांश.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जिवाणू वेगळा काढला. तो माणसाला मारतो कसा, हे कळायला १९५९ उजाडलं. कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवलं की हा जिवाणू एक विष सोडतो आणि आतड्याच्या अस्तरातून पाणी बाहेर वाहू लागतं. अस्तर फाटत नाही, नुसता नळ उघडा राहतो. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं की लहान आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात. त्यांच्यामागे पाणी जातं. ही वाट पटकीतही चालूच असते! १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

पण गंमत अशी की साध्या ओआरएसने रोगी वाचतो, जुलाब कमी होत नाहीत. इथं गोष्टीत पुन्हा जिवाणू येतात, या वेळी मदतीला. उरलेलं पाणी ओढून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. अस्तरातल्या पेशी सोडियमचे पंप चालवतात, पाणी मागोमाग येतं. मग या पंपांना वीज कुठून? १९८० मध्ये विल्यम रोडिगर यांनी दाखवलं की या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे ब्युटिरेट नावाचं आम्ल. ते तयार करतात तिथले जिवाणू, आपल्याला न पचलेल्या स्टार्च आणि चोथ्यापासून.

२००० मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी हे पटकीच्या ४८ रुग्णांवर तपासलं. काहींच्या ओआरएसमध्ये सहज न पचणारा मक्याचा स्टार्च घातला. त्यांचे जुलाब लवकर थांबले. स्टार्च जिवाणूंनी खाल्ला, फायदा अस्तराला झाला.

अस्तरही फुकट घेत नाही. ते बुळबुळीत श्लेष्मा तयार करतं. त्याच्या बाहेरच्या थरात जिवाणू राहतात, त्यातली साखर खातात. आतला थर त्यांना पेशींपासून लांब ठेवतो. शिवाय ब्युटिरेट जाळताना अस्तर ऑक्सिजन वापरून टाकतं, आणि या जिवाणूंना ऑक्सिजन चालतच नाही. तो उरला तर सॅल्मोनेलासारख्या उपद्रवींचं फावतं. म्हणजे एकाचं पोट भरलं तर दुसऱ्याचं घर टिकतं.

डॉक्टरांनी विचार करून दिलेलं अँटिबायोटिक वेगळं. मी बहुतेक भर पुरात वीजघरच बंद पाडलं होतं.

रविवारी आजीला यातलं जमेल तेवढं सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे पाणी पाजलं असतं तर..."

म्हटलं, "आजी, तोंडाने द्यायचं हे पाणी पटकीच्या रोग्यांना चालतं, हे ढाक्यात सिद्ध झालं १९६८ मध्ये. तुझं लेकरू गेलं त्याच्या पाच वर्षांनी. तू काय करणार होतीस?"

ती बराच वेळ माझा हात धरून बसली.

तिला माहीत नव्हतं, कारण तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. माझ्या तर खिशात गूगल होतं. असो.