हरळी कशाने मरते?

चतुर्थीला आपण जिच्या एकवीस दूर्वा निवडतो, तीच हरळी शेतात शिरली की आपण तिला शिव्या घालतो. शहरात तर बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी तिच्याच जाती पैसे मोजून लावतात! आज तिला मारायच्या खटपटींचा इतिहास आम्ही सांगणार आहोत.

वरून कापा, गुरं चारा, बांध पेटवा, हरळी मरत नाही. तिचा जीव जमिनीखालच्या काशांत. कुळवाने काशा तुटल्या तर उलट तुकड्यातुकड्याला कोंब येतो. खडेमीठ ओतलं तर जमीनच नासते.

काळ्या रानात हरळी-कुंदा माजला की पूर्वी सहा-आठ बैलांचा लाकडी नांगर धरायचे. एवढे बैल एका घरी कुठले? सावड करायची. तो नांगर जमीन फाडायचा, पण पालटायचा नाही. मागून काशा वेचायला बाया असायच्याच. त्यांची नोंद कोण ठेवतो?

१९०३ च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला. त्याने माती उलटी व्हायची, काशा उन्हात उघड्या पडायच्या. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी लोकांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि हा नांगर गावोगाव पोचला.

खरं विष नंतर डब्यातून आलं. ग्लायफोसेट १९७४ साली अमेरिकेत बाजारात आलं. ते हिरव्या पानातून काशांपर्यंत उतरतं, म्हणून हरळी मरते. कापलेल्या किंवा धुळीने माखलेल्या गवतावर फवारलं तर पैसे वाया. टू-फोर-डी रुंद पानांचं तण मारतं, हरळीला काही करत नाही. तरी ‘तणाचं औषध’ म्हणून तेच घरी येतं. विषाला औषध म्हणायची ही खोड कुणी लावली कोण जाणे.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय ते कुणी वापरू नये. आपल्याकडे पंपाला पाणी भरून देणारी आणि ते कपडे धुणारी बहुतेक वेळा बाईच. शिवाय फवारणी आली तशी आपली खुरपणीची रोजंदारीही गेली. तो हिशेब कुठल्याच डब्यावर छापलेला नसतो.

सावलीत मात्र हरळी खंगते. म्हणून आमच्या गटाने उन्हाळी नांगरटीनंतर काशा वेचून पावसाळ्यात दाट ताग पेरायचं ठरवलंय. वेचलेल्या काशा बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात पुन्हा रुजतात. खडकावर पसरून कडकडीत वाळू द्या.