शनिवार की रविवार? मध्ययुगीन इथिओपियातील शब्बाथचा वाद

ख्रिस्ती धर्मात उपासनेचा वार रविवार, हे आपण गृहीत धरतो. पण बायबलमधील दहा आज्ञांनुसार पवित्र पाळायचा दिवस आहे आठवड्याचा सातवा, म्हणजे शनिवार. त्यालाच शब्बाथ म्हणतात. मग रविवार कुठून आला? आणि तो सर्वांनी मुकाट्याने मान्य केला का?

आधी पार्श्वभूमी समजून घेऊ. येशूचे पुनरुत्थान रविवारी झाले या श्रद्धेमुळे ख्रिस्ती लोक त्या दिवशी एकत्र जमू लागले. इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालये व शहरांतील कामकाज बंद ठेवण्याचा कायदा केला; शेतकऱ्यांना मात्र सूट दिली. त्याच शतकात लाओडिसिया येथील धर्मसभेने, ख्रिस्ती माणसाने शनिवारी ज्यूंप्रमाणे विश्रांती न घेता काम करावे, असा नियम केला. एखाद्या गोष्टीवर बंदी घालावी लागते, याचा अर्थ लोक ती करत होते, हे लक्षात घ्या.

इथिओपियात हाच प्रश्न चौदाव्या शतकात पेटला. तेथील चर्चचा प्रमुख बिशप इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून नेमला जाई आणि तो इजिप्शियनच असे. या बिशपांच्या मते शनिवार पाळणे ही ज्यू प्रथा होती. एवोस्टाटेवोस या मठवासी सुधारकाने याला विरोध केला. दहा आज्ञा रद्द झालेल्या नाहीत, म्हणून शनिवार आणि रविवार दोन्ही पाळावेत, असे तो शिकवी. विरोध वाढल्यावर त्याने १३३७ च्या सुमारास देश सोडला. इजिप्त, जेरुसलेम, सायप्रस असा प्रवास करत तो आर्मेनियात पोहोचला आणि १३५२ मध्ये तेथेच वारला.

त्याच्या अनुयायांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले. ते उत्तरेकडील दुर्गम भागात गेले, तेथे त्यांनी मठ उभारले, आणि त्यांचा प्रभाव वाढत गेला. १४०४ मध्ये राजा दावितने त्यांना शनिवार पाळण्याची मुभा दिली. पुढे १४५० मध्ये सम्राट झारा याकोबने देब्रे मित्माक येथे धर्मसभा बोलावली. तेथे इजिप्शियन बिशपांनी दोन्ही दिवस मान्य केले. बदल्यात एवोस्टाटेवोसच्या अनुयायांनी बिशपांच्या हातून दीक्षा घेण्याचे कबूल केले. बंडखोरांचे मत आता राज्याचे अधिकृत मत झाले.

ही तडजोड राजाने का घडवली? एक कारण श्रद्धेचे होते: झारा याकोब स्वतः शब्बाथचा कट्टर पुरस्कर्ता होता. दुसरे कारण राजकीय होते. चर्च दुभंगलेले राहिले असते, तर उत्तरेकडील बलाढ्य मठ राजसत्तेपासून दूरच राहिले असते.

या निर्णयाची मुळे किती खोल गेली, हे पुढे दिसले. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून जेझुइट धर्मप्रचारक गोव्यामार्गे इथिओपियात येऊ लागले. शनिवार पाळण्यावर त्यांचाही आक्षेप होता. त्यांना उत्तर देताना सम्राट गेलावदेवोसने १५५५ मध्ये आपली श्रद्धा लेखी मांडली: आम्ही शनिवार पाळतो, पण ज्यूंच्या पद्धतीने नव्हे. १६२२ मध्ये सम्राट सुसेन्योसने कॅथलिक पंथ उघडपणे स्वीकारला. पुढे शनिवार पाळण्यासह अनेक जुन्या प्रथांवर बंदी आली आणि बंडे झाली. अखेर १६३२ मध्ये त्याला जुना धर्म परत आणावा लागला. त्यानंतर त्याच्या मुलाने जेझुइटांना देशाबाहेर घालवले.

तेव्हा हा वाद केवळ वाराचा नव्हता. धर्मग्रंथाचा अर्थ कोणी लावायचा, परदेशातून आलेल्या बिशपाने, स्थानिक मठाने की राजाने, हा खरा प्रश्न होता.

विचार करा: १४५० च्या तडजोडीत कोणत्या पक्षाने काय दिले आणि काय मिळवले?