बखर, दप्तर आणि चॅसी-क्रमांक



इतिहासविषयक स्मृतिव्याख्यानासाठी मोटारगाड्यांचा विषय निवडला, याचे आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटेल. तह, लढाया, राज्यकारभार असे भारदस्त विषय सोडून धनिकांच्या वाहनांकडे कशासाठी वळावे? त्याचे कारण थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या दुर्मिळ आणि मौल्यवान मोटारींचा पूर्ववृत्तान्त शोधणारे हौशी लोक युरोप-अमेरिकेत आहेत, तसे आपल्या देशातही आहेत. त्यांतील बहुतेकांनी इतिहासाची पदवी घेतलेली नाही. तरीही केवळ आवडीपोटी त्यांनी इतिहाससंशोधनाची एक काटेकोर शिस्त उभी केली आहे, आणि ती आपल्या परिचयाची आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून मराठी वाचकाला एक गोष्ट ठाऊक झाली : बखर जरूर ऐकावी, पण निवाडा अस्सल कागदावर करावा. मोटारींच्या शोधकांनाही बखरी भेटतात आणि त्यांनाही दप्तरे धुंडाळावी लागतात. त्यांचा अस्सल कागद पुष्कळदा लोखंडावर कोरलेला असतो, एवढाच काय तो फरक.

गाडी म्हणजे नेमके काय?

आज आपण गाडी विकत घेतो ती संपूर्ण घेतो. त्या काळी उंची गाड्यांची रीत निराळी होती. कारखाना इंजिन, चाके आणि सांगाडा, म्हणजे चॅसी, तयार करून देई. त्यावर बॉडी चढविण्याचे काम गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या दुसऱ्याच कारागिरांकडे सोपवी. त्यामुळे एकाच गाडीला दोन जन्मस्थाने असत. पुढे मालक बदलला की बॉडीही बदले. इंजिन निकामी झाले की दुसऱ्या गाडीचे बसविले जाई. वीस-तीस वर्षांत गाडीचे रूप असे पालटे की तिच्या पहिल्या मालकालाही ती ओळखता येऊ नये. म्हणून शोधक प्रथम रूपाकडे पाहत नाही. तो चॅसीवरील क्रमांक पाहतो, मग इंजिनावरील, मग बॉडी बांधणाऱ्याचा, आणि हे क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशी ताडून पाहतो. रोल्स-रॉइसच्या बाबतीत हे काम पुष्कळ सुकर झाले, कारण प्रत्येक चॅसीमागे एक नोंदपत्र ठेवण्याची त्या कंपनीची पद्धत होती आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या तिच्या चाहत्यांच्या संस्थेने ती पत्रे जतन केली. पुष्कळ कारखाने मात्र बुडाले आणि त्यांची दप्तरे विखुरली. तेथे प्रत्येक दुवा हाताने जोडावा लागतो.

सहा गाड्यांची वंशावळ

या कामाचा नमुना म्हणून आल्सासमधील मोल्सहाइम येथील बुगाटी कारखान्याच्या ‘रोयाल’ गाडीचे उदाहरण घेऊ. एत्तोरे बुगाटी यांनी ही गाडी राजेरजवाड्यांसाठी योजिली होती. आठ सिलिंडरांचे, सुमारे पावणेतेरा लिटरांचे इंजिन, पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे ४.३ मीटर अंतर, आणि नाकावर सोंड उंचावलेला हत्ती. तो एत्तोरेंचे दिवंगत बंधू, शिल्पकार रेम्ब्रांट, यांच्या कलाकृतीवरून घेतलेला. पंचवीस गाड्या करण्याचा बेत होता. १९२९ नंतरची मंदी आडवी आली. प्रत्यक्षात सहाच झाल्या, त्यांतील तीनच बाहेरच्या गिऱ्हाइकांनी घेतल्या आणि त्यांत राजा एकही नव्हता. गाडीसाठी घडविलेली इंजिने पुढे फ्रान्सच्या लोहमार्गांवर धावणाऱ्या डब्यांना बसविण्यात आली.

सहाच गाड्या, म्हणजे इतिहास सोपा असावयास हवा. पण पहिल्याच चॅसीवर, क्रमांक ४११०० वर, एकामागून एक निरनिराळ्या बॉडी चढल्या. १९३१ च्या सुमारास एत्तोरे स्वतः ती चालवीत असता अपघात झाला आणि त्यानंतर आजचे रूप तिला मिळाले. जुन्या छायाचित्रांत दिसणाऱ्या वेगवेगळ्या गाड्या वस्तुतः एकच आहेत, हे क्रमांकावाचून कळणे कठीण होते. ४११११ ची कहाणी याच्या उलट आहे. पॅरिसचे कपड्यांचे व्यापारी आर्मां एस्देर्स यांनी ती १९३२ मध्ये घेतली. रात्री गाडी चालवावयाची नाही म्हणून त्यांनी पुढचे दिवेच बसवू दिले नाहीत. एत्तोरेंचे पुत्र जाँ यांनी आखलेली ती देखणी उघडी बॉडी पुढे काढली गेली आणि नाहीशी झाली. चॅसी मात्र दुसऱ्या बॉडीसह आजही आहे. एके ठिकाणी देह टिकून वस्त्रे बदलली, दुसऱ्या ठिकाणी ज्या वस्त्रासाठी देह प्रसिद्ध झाला तेच गेले.

४११२१ ही गाडी जर्मन डॉक्टर योसेफ फुक्स यांची. तिची बॉडी म्यूनिकच्या वाइनबर्गर यांनी बांधली. डॉक्टरांनी जर्मनी सोडली, त्यांच्यामागे गाडीही देशांतर करीत अखेर न्यूयॉर्कला पोहोचली. तेथील थंडीत इंजिनातले पाणी गोठून ते तडकले आणि गाडी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडली. १९४० च्या दशकात चार्ल्स चेन या मोटार-अभियंत्याने ती भंगाराच्या मोलाने घेतली, दुरुस्त केली आणि पुढे डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयास दिली. दुरुस्तीत त्याने काळ्या गाडीला पांढरा रंग दिला आणि एका कार्ब्युरेटरऐवजी चार बसविले. संग्रहालयाने ती पांढरीच ठेवली आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. पोथीच्या समासात नंतरच्या वाचकाने लिहिलेली टीप आपण खोडून टाकीत नाही. ती मूळ संहितेचा भाग नसते, पण पोथीच्या इतिहासाचा भाग असतेच.

विकल्या न गेलेल्या तीन गाड्या महायुद्धाच्या काळात एर्मेनोंव्हिल येथे भिंतीआड दडविल्या होत्या. त्यांतील दोन एत्तोरेंच्या कन्या लेबे यांनी १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी संग्राहकास विकल्या. पैशांबरोबर त्याने दोन नवे रेफ्रिजरेटरही दिले, असे आवडीने सांगितले जाते. हा भाग बखरीचा समजावा. त्या दोहोंपैकी एक, ४११४१, हिची १९८७ मध्ये लंडनच्या लिलावात ५५ लक्ष पौंड किंमत आली. हा मात्र दप्तराचा भाग.

गिरणीतील दालन

उरलेल्यांपैकी दोन गाड्या म्यूलूझ येथील हान्स आणि फ्रिट्झ श्लुंफ या गिरणीमालक बंधूंकडे गेल्या. फ्रिट्झला बुगाटीचे वेड होते. अमेरिकेतील एकाच संग्राहकाकडून त्याने १९६४ मध्ये तीस बुगाटी घेतल्या. जुन्या लोकरीच्या गिरणीत, जगाच्या दृष्टीआड, त्याने चारशेंहून अधिक गाड्या जमविल्या. मग कापडधंद्यावर संकट आले, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि बंधू सीमेपलीकडे स्वित्झर्लंडला निघून गेले. मार्च १९७७ मध्ये कामगारांनी त्या इमारतीचा ताबा घेतला, तेव्हा आपल्या श्रमांचा पैसा कोठे गेला ते त्यांना झुंबरासारख्या दिव्यांच्या रांगांखाली उभे दिसले. त्यांनी गाड्या फोडल्या नाहीत. सुमारे दोन वर्षे त्यांनीच ते दालन लोकांसाठी उघडे ठेवले. १९७८ मध्ये सरकारने संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला आणि १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. म्हणून गाडीच्या वंशावळीत केवळ मालकांची नावे लिहून भागत नाही. तिच्या रक्षणकर्त्यांत त्या बेकार कामगारांचीही गणना करावी लागते.

भाव चढला की बखरी वाढतात

बुगाटीचीच दुसरी गाडी, सत्तावन्न क्रमांकाच्या जातीतील ‘अटलांटिक’. अशा चार झाल्या. तिघींचा ठावठिकाणा आहे. चौथी, ५७४५३, कारखान्याच्या घरची काळी गाडी. जाँ बुगाटी ती वापरीत. ते ऑगस्ट १९३९ मध्ये दुसऱ्या एका गाडीची चाचणी घेताना मृत्युमुखी पडले. फ्रान्सवर जर्मनांचे आक्रमण झाल्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये बोर्दोला पाठवावयाच्या गाड्यांच्या यादीत तिचा शेवटचा माग लागतो. पुढे काही नाही. तिच्या एका भगिनीची २०१० मध्ये तीन ते चार कोटी डॉलरांच्या दरम्यान विक्री झाल्याचे प्रसिद्ध झाले. तेव्हा चौथी कोणाला सापडली असे उद्या कोणी म्हणाले, तर ते म्हणणे तपासण्यासाठी किती कठोरपणा लागेल याची कल्पना करावी. एक जुनी क्रमांकपट्टी आणि कुशल हातांनी घडविलेला नवा पत्रा एवढ्यावर अमाप संपत्ती उभी राहू शकते.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला आहे. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही गाडी फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे जिंकली. पुढे ती वारंवार बदलली. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर तिला अपघात होऊन चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाले, त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली. एक कोटी पौंडांचा सौदा ठरल्यावर घेणाऱ्याने ही ती गाडीच नव्हे असा आक्षेप घेतला. १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, त्याचा आशय असा : १९२९ च्या गाडीतील लोखंड फारसे उरलेले नाही हे खरे. पण ती कधी मोडीत काढून तिच्या जागी दुसरी आणलेली नाही. टप्प्याटप्प्याने बदलत आलेल्या या गाडीचा इतिहास अखंड आहे, म्हणून ते नाव धारण करण्याचा अधिकार तिचाच.

या निकालात इतिहासाचे एक तत्त्व सामावलेले आहे. वस्तूची ओळख केवळ तिच्या द्रव्यात नसते. ती अखंड परंपरेत असते, आणि परंपरा सिद्ध होते ती नोंदींनी. नोंद तुटली की लोखंड साबूत असूनही वस्तू अनाथ होते.

आपल्या दारची गोष्ट

आता आपल्या इंदूरकडे वळू, कारण या विषयाचा एक महत्त्वाचा धागा येथे गुंतलेला आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग बांधून घेतला, हे आपण जाणतोच. मोटारींच्या बाबतीतही त्यांची दृष्टी तितकीच आधुनिक होती. १९३० च्या दशकात त्यांच्यासाठी ‘ड्यूसेनबर्ग एस. जे.’ जातीची गाडी तयार झाली. तिची चॅसी अमेरिकेतील इंडियानापोलिसची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांची, मालक इंदूरचे. एका गाडीचा इतिहास तीन खंडांत वाटलेला असा! कारखाना १९३७ मध्ये बंद पडला. पण ड्यूसेनबर्गच्या चाहत्यांनी संस्था काढली, इंजिन-क्रमांकानुसार याद्या केल्या, आणि त्यामुळे आज होळकरांची ती गाडी जगभरचे जाणकार नावानिशी ओळखतात.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. देशभर राजवाड्यांची गॅरेजे रिकामी होऊ लागली आणि पुष्कळ गाड्या परदेशी गेल्या. माणिकबागेतील सामानाचाही १९८० मध्ये मोनॅको येथे लिलाव झाला. गाड्या गेल्या, तशी कागदपत्रेही रद्दीत गेली. मागे राहिल्या त्या आख्यायिका. अपमान झाला म्हणून एका महाराजांनी रोल्स-रॉइस गाड्या कचरा वाहण्यास लावल्या, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती कोणी अलवरच्या नावावर सांगतो, कोणी पतियाळाच्या, कोणी हैदराबादच्या. एकच पराक्रम इतक्या जणांच्या नावे सांगितला जाऊ लागला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे.

सुदैवाने सारेच गेले नाही. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी मागविलेली रोल्स-रॉइस चौमहल्ला राजवाड्यात आहे. १९११ मध्ये निजाम निवर्तले आणि गाडी त्यांच्या वारसाकडे गेली. ती फारच थोडी चालली असली, तरी जेथली होती तेथेच राहिली म्हणून तिची कथा तुटली नाही. शारदा द्विवेदी आणि आपल्या शेजारच्या बडवानी राजघराण्यातील मानवेंद्रसिंह यांनी २००३ मध्ये महाराजांच्या मोटारींवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. हे काम परक्यांनीच करावे असे नाही, याचा तो पुरावा आहे.

तरीही या इतिहासाचा एक भाग असा आहे की तो लंडनच्या वा अमेरिकेच्या दप्तरात मिळणार नाही. गाडी चालविणारा शोफर कोण होता? माळव्याच्या उन्हाळ्यात आणि मुरमाच्या रस्त्यावर ती धावती ठेवणारा मिस्त्री कोण? विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत त्याने कोणती युक्ती केली? याची उत्तरे कोठे असतीलच, तर या शहरातील घरांत आहेत : आजोबांच्या नेमणुकीच्या हुकमात, पगाराच्या पावतीत, गाडीशेजारी उभे राहून काढलेल्या पिवळ्या पडलेल्या छायाचित्राच्या पाठीवरील दोन ओळींत. त्या छायाचित्रातील क्रमांकपट्टी वाचता आली, तर जगाच्या दुसऱ्या टोकाला अडलेल्या एखाद्या शोधकाला हवा असलेला दुवा त्यात मिळू शकतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी संस्थानी नोकरीची कागदपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी शाळेला दाखवावीत. शाळेने त्यांच्या नकला कराव्यात आणि कागद कोणाचा, कोठून आला, कोणत्या तारखेस मिळाला, याची साधी वही ठेवावी. मूळ कागद घरीच राहावा. या कामाला मोठा निधी लागत नाही, नियमितपणा लागतो. श्रीमंतांच्या गाड्यांचे भाव लिलावात ठरतील, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. परंतु ज्या हातांनी त्या पुसल्या, दुरुस्त केल्या आणि चालविल्या, त्या हातांची नावे नोंदविणे हे आपले काम आहे, आणि ते आपणच केले पाहिजे.