कवळीची कुळकथा

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मराठी माणूस दैवाच्या विपरीतपणाला उद्देशून वापरतो. परंतु तिचा उत्तरार्ध अक्षरशः अनुभवणारी वृद्ध माणसे घरोघर असतात. दात गेले म्हणजे केवळ चणे सुटतात असे नव्हे; भाकरी सुटते, उसाचे कांडे सुटते, आणि त, थ, द, ध या दंत्य वर्णांचा स्पष्टपणाही सुटतो. तोंडाचे बोळके झालेला मनुष्य पंक्तीत बसावयास आणि चारचौघांत बोलावयास संकोचू लागतो. हा संकोच दूर करणारी कवळी आज सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आली आहे. राजेरजवाड्यांच्या तोंडातून ती येथवर कशी उतरली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

दंतरोगांचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून, वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो सहसा उपटू नये, असा इशाराही दिला आहे. गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसविण्याचे जुने दाखले मात्र इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडतात. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास ते सोन्याच्या पट्टीने दात जखडून ठेवीत. जपानात सोळाव्या शतकातील एका बौद्ध भिक्षुणीची अखंड लाकडात कोरलेली कवळी जतन झाली आहे. युरोपात हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात कोरून कवळ्या बनत. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याची कवळी लाकडी होती ही समजूत खोटी आहे. त्याच्या कवळ्यांत हस्तिदंत, शिसे, सोने आणि माणसांचे दातही होते. 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले, आणि युरोपातील धनिकांनी ते निःसंकोच तोंडात घातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये चिनी मातीचे दात घडू लागले, तेव्हा कोठे या बीभत्स व्यापारावरील उपाय दृष्टिपथात आला.

दात मिळाले तरी ते बसवावयाचे कशात, हा प्रश्न उरलाच होता. सोन्याची पट्टी महाग आणि हस्तिदंत कुजणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन शोध लागोपाठ लागले. 1846 साली बोस्टनच्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरच्या गुंगीचा प्रयोग यशस्वी करून दाखविला. कवळी बसविण्यापूर्वी जुनी मुळे उपटावी लागत, आणि त्या वेदनेच्या भयाने गिऱ्हाईक पाठ फिरवी. मॉर्टनला या शोधाकडे वळविणारे हेही एक कारण होते. त्यापुढील दशकात रबरात गंधक मिसळून तापविलेला व्हल्कनाइट हा टणक पदार्थ कवळीसाठी वापरात आला. तो स्वस्त होता आणि हिरडीच्या ठशावर चपखल बसे. परंतु 1864 साली अमेरिकेत त्याच्या कवळीचे एकस्व दिले गेले, आणि एका कंपनीने दंतवैद्यांकडून परवान्याचे शुल्क वसूल करण्याचा सपाटा लावला. न देणाऱ्यांवर खटले भरणारा तिचा खजिनदार जोसाया बेकन याला 1879 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सॅम्युएल चॅलफंट या दंतवैद्याने गोळी घातली. 1881 मध्ये एकस्वाची मुदत संपली आणि रबराची कवळी खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

तिची जागा घेणारा पदार्थ म्हणजे ॲक्रिलिक. 1937 च्या सुमारास त्याचा कवळीसाठी उपयोग सुरू झाला, आणि व्हल्कनाइटचा काळपट लाल रंग जाऊन हिरडीसारखी गुलाबी छटा आली. याच जातीच्या पारदर्शक पत्र्याची छत्रे दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर बसविलेली असत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभारला. त्या काळात आकाशात वैमानिकाला आडोसा देणारा हा पदार्थ जमिनीवर वृद्धांच्या घासाला आधार देऊ लागला होता.

तथापि पदार्थ स्वस्त झाला म्हणून कवळी बरी होत नाही; तिला शिकलेला हात लागतो. तोंडाचा ठसा घेऊन साचा करावा लागतो, त्यावर मेणात दात मांडून ते रोग्याच्या तोंडात पारखावे लागतात, मग मेण वितळवून त्या पोकळीत ॲक्रिलिकचा लगदा दाबून तापवावा लागतो. दोन्ही जबड्यांचा मेळ नोंदताना तात्पुरती बैठक म्हणून आपल्याच देशातील लाखेची पट्टी जगभर वापरली गेली. मेण काढून पोकळीत मूर्ती ओतण्याची जी रीत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त वर्णिली, तिच्याशी या कृतीचे नाते सहज लक्षात येते.

हा हात भारतात दीर्घकाळ परंपरेनेच तयार होई. कलकत्ता, मुंबई यांसारख्या शहरांत चिनी दंतकारागिरांची दुकाने होती. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईच्या नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय 1933 चे. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले: एक पदवीधरांचा, दुसरा पदवी नसूनही या व्यवसायावर उपजीविका करीत आलेल्यांचा. जुन्या कारागिराची भाकरी न हिरावता पुढील पिढीला शिक्षणाची अट घालण्याचा हा विवेकी मार्ग होता. बंगळूरात 1900 साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या परिसरात 1958 साली शासकीय दंतमहाविद्यालय निघाले, आणि गरीब रोग्याला शिकाऊ पण देखरेखीखालील हातांनी कवळी मिळण्याची सोय तेथे झाली.

आज कवळीचे अनेक प्रकार आहेत. सर्व दात गेले असता पूर्ण कवळी. काही शिल्लक असता धातूच्या आकड्यांनी अडकविलेली अंशतः कवळी. दात काढल्याबरोबर बसविण्याची तात्कालिक कवळी. आणि राखलेल्या मुळांवर टेकणारी कवळी. 1965 साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी रोग्याच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे खुंट रोवून दात बसविले, तेव्हापासून अशा खुंटांचाही आधार मिळू लागला. प्रत्येक तोंडाच्या मापाची इतर साधनेही याच कुळातील होत. झोपेत दात खाणाऱ्यासाठी पट्टी असते, मुष्टियोद्ध्यासाठी रबरी आच्छादन असते. फाटलेल्या टाळूच्या अर्भकाला दूध पिता यावे म्हणून टाळूपट्टी करतात. तंबाखूच्या व्यसनातून उद्भवलेल्या कर्करोगामुळे ज्याचा वरचा जबडा कापावा लागतो, त्याचे बोलणे आणि गिळणे टाळूचे छिद्र बुजविणाऱ्या अशाच पट्टीवर अवलंबून असते.

हे सारे मिळवूनही निगा राखली नाही तर श्रम वाया जातात. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी, म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो. कढत पाणी तिचा आकार बिघडविते. धुताना खाली पाण्याचे भांडे धरावे. हातून निसटली तरी ती फुटत नाही. सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. दंतमंजनाच्या खरखरीने चरे पडून त्यांत मळ साचतो. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते, म्हणून काल घट्ट बसणारी कवळी उद्या सैल होते. अशा वेळी घरी कानस चालविणे हा अविचार आहे. वैद्याकडून आतून नवा थर भरून घ्यावा. आणि मृत आजोबांची कवळी आजीला लावण्याचा काटकसरी विचार कोणी मनातही आणू नये.

हस्तिदंतापासून ॲक्रिलिकपर्यंत पदार्थ बदलत गेले, किंमत उतरत गेली. पण एक गोष्ट बदलली नाही. कवळी एकाच तोंडासाठी जन्मते. चष्मा उसना चालतो, काठी उसनी चालते, कवळी चालत नाही. म्हणून ती कोणाला देऊ करणाऱ्या समाजाने नुसती वस्तू देऊन भागत नाही. माप घेणारा शिकलेला हात आणि पुन्हा येण्यासाठी उघडे दार, ही दोन्ही द्यावी लागतात. तसे घडले, तरच चणे आणि दात एका ताटाशी भेटतात.