तीन जिभांचा बल्ब

अकोल्याहून रात्री अमरावतीला निघालेल्या मोटारीचा एक हेडलाइट मूर्तिजापूरच्या आसपास गेला, तरी चालवणारा फारसा घाबरत नाही. घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडायचे, दिव्यामागचा तीन पिनांचा होल्डर ओढायचा, रबरी टोपी सोडवायची, तारेची क्लिप दाबून बाजूला करायची आणि जुना बल्ब काढून नवा बसवायचा. बहुतेक जुन्या मोटारींत या कामाला पानाही लागत नाही. हे दहा मिनिटांचे काम इतके सोपे व्हायला मात्र सत्तर वर्षे लागली.

पहिल्या मोटारींना विजेचा दिवा परवडत नसे. म्हणजे वीज नव्हती असे नाही. पण कार्बनची तार खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी तुटे आणि दिव्याला पुरेल एवढी वीज मोटारीवर तयार करणे अवघड होते. म्हणून कार्बाइडचा दिवा आला. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकवले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्या लख्ख ज्योतीने जळतो. (गॅस वेल्डिंगच्या दुकानात कार्बाइडमुळे येणारा उग्र वास मुलांना ठाऊक असतो. तो शुद्ध ॲसिटिलीनचा नव्हे, त्यात मिसळलेल्या फॉस्फीनसारख्या वायूंचा.) वाऱ्यापावसात ही ज्योत टिके, पण ती पेटवायला दरवेळी खाली उतरावे लागे. १९१० च्या सुमारास टंगस्टनची चिवट तार ओढण्याची रीत कूलिज यांना साधली. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. कार्बाइडचे दिवस तेव्हापासून भरत आले.

दिवा प्रखर झाला आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू लागले. सुरुवातीला काही मोटारींत तरफेने अख्खा दिवाच खाली झुकवत. इंग्रजीत 'डिप' म्हणजे खाली झुकवणे. आपल्या ट्रकांच्या मागे रंगवलेला 'डिपर' तिथूनच आला. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यावर ओसराम कंपनीने 'बायलक्स' नावाचा दोन तारांचा बल्ब काढला. त्यातली युक्ती फळ्यावर काढून दाखवण्याजोगी आहे. अन्वस्ताकार आरशाच्या नाभीवर ठेवलेल्या तारेचा प्रकाश समांतर शलाका होऊन दूर जातो, हा अप्पर. दुसरी तार नाभीच्या थोडी पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची छोटी वाटी असते. वाटीमुळे आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतच नाही. वरच्या अर्ध्या भागावरून परतणारे किरण खाली झुकतात, हा डिपर. १९५७ पासून युरोपात या वाटीची एक कड थोडी कलती केली गेली. त्यामुळे समोरच्या वाहनाकडची बाजू अंधारात राहते आणि आपल्या कडेची बाजू जास्त लांबवर उजळते. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याकडे प्रकाशाची कड डावीकडे वर चढते. उजवीकडून चालणाऱ्या देशातला दिवा आणून इथे लावला, तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

या सगळ्यात मिलिमीटरच्या अंशांचा हिशोब आहे. तार जराशी सरकली की शलाका बिघडते. यावर अमेरिकेने १९४० च्या मोटारींपासून वेगळा उपाय केला: तार, आरसा आणि पुढची काच एकत्र वितळवून एकच बंद दिवा. धूळ-पाणी आत जात नाही आणि तार कारखान्यातच जागेवर बसते. पण तार तुटली की सगळा दिवा फेकायचा. तिथे १९८३ पर्यंत बदलता येणाऱ्या बल्बला परवानगीच नव्हती. युरोपने बल्ब सुटा ठेवला आणि अचूकपणा त्याच्या बुडाशी आणला. १९७१ साली आलेल्या एच-४ बल्बच्या पत्र्याला तीन जिभा आहेत, त्यांतली एक रुंद. त्यामुळे बल्ब एकाच पद्धतीने बसतो. कारखान्यातल्या तंत्रज्ञाचे काम त्या तीन जिभा करतात, म्हणून अंगणात उभा असलेला कोणीही बल्ब बदलू शकतो. आपली मानके युरोपच्या वळणाची असल्याने हीच रीत आपल्याकडे रुजली. आमच्या मते मोटारीतल्या सर्वांत लोकशाहीवादी वस्तूंपैकी ही एक आहे.

एच-४ हॅलोजन बल्ब आहे. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची वाफ काचेवर बसून ती काळवंडते. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनचे संयुग अल्प प्रमाणात असते. काचेजवळ टंगस्टन त्याच्याशी संयोग पावतो, वायुरूपात तारेकडे परततो आणि तिच्या उष्णतेने सुटा होऊन तिथेच बसतो. तो पुन्हा झिजलेल्या जागीच बसेल असे नाही, म्हणून तार शेवटी तुटतेच. या चक्राला काच २५० अंश सेल्सियसच्या वर तापलेली लागते, म्हणून ती क्वार्ट्झची असते. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका असे सांगतात त्याचे कारण इथे आहे. घामातले क्षार तापलेल्या क्वार्ट्झमध्ये स्फटिक तयार करतात, ती जागा दुधाळ होते आणि काच तडकू शकते. बोट लागलेच, तर स्पिरिटने पुसून मगच दिवा लावावा.

आता दुकानांत ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब मिळतात. तीन जिभा त्यांनाही आहेत. डिपरचा प्रवाह साडेचार अँपिअरवरून साडेसातवर जातो आणि त्याच तारांमध्ये उष्णता जवळजवळ २.७ पट होते. होल्डर वितळतो तो यामुळे. त्याहून वाईट म्हणजे हॅलोजनच्या आरशात बसवलेला स्वस्त एलईडी बल्ब. तार सर्व बाजूंना प्रकाश देते, एलईडीच्या चकत्या पट्टीच्या दोन बाजूंनाच देतात. आरसा एका प्रकाशासाठी घडवलेला, बसवला दुसराच. जिभा जुळतात, प्रकाशाची कड जुळेलच असे नाही.

हे वऱ्हाडात विशेष बोचते. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीजमध्ये नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला. पण तालुक्यांच्या दुपदरी रस्त्यांवर कापसाच्या हंगामात बैलगाड्या अजून असतात आणि रोही आडवे येतात. बैल आणि रोही यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून त्यांचे डोळे दुरून चमकतात. रानडुकराला तो थर नाही. त्याचे धूड दिसेल तेव्हाच. गाडीवानालाही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना डोळे तीन सेकंद दिपले, तर मोटार ५० मीटर आंधळी धावते, आणि त्या ५० मीटरांत एखादी गाडी असू शकते.

नव्या मोटारींत एलईडीचे बंद दिवे येतात. चकती गेली की बहुधा पूर्ण दिवाच बदलावा लागतो. अमेरिकेची १९४० ची वाट जग पुन्हा चालू लागले आहे, आणि यावेळी दिवा कितीतरी महाग आहे.

बल्ब घरी बदलल्यावर तो बरोबर बसला का, हे शाळेच्या पटांगणात पाहता येते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. संध्याकाळी मोटार सपाट जागी उभी करून डिपर लावावा. ८ मीटरवर पांढरी चादर टांगून तो बिंदू कोळशाने काढावा. मुलांना चादरीच्या बाजूला उभे करावे, दिव्याकडे पाहू देऊ नये. प्रकाशाची कड त्या बिंदूच्या बरीच खाली दिसली पाहिजे. वर आली, तर आधी बल्ब काढून पाहावा. बहुधा एखादी जीभ खाचेत बसलेली नसते.