परदेशी आई, गोंदियाचं बाळ

मागचा भाग नागझिऱ्याचा होता. 1970 साली अभयारण्य झालेलं ते जंगल, त्याची तळी, त्याचे वाघ. आजचा भाग त्याच फेरीतून निघाला, पण जंगलाशी त्याचा फारसा संबंध नाही. पिटेझरीच्या फाटकातून बाहेर पडून मी साकोलीला आले, तिथून नवेगावबांध आणि पुढे गोठणगावच्या बाजूला. धानाच्या बांध्या, पळसाची झाडं, आणि अचानक रस्त्यालगत वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत पताका. प्रार्थनेच्या पताका. ही नॉर्ग्येलिंग, महाराष्ट्रातली तिबेटी वसाहत. अर्जुनी मोरगाव तालुका, जिल्हा गोंदिया. 1972 साली वसली तेव्हा जिल्हा भंडारा होता. गोंदिया वेगळा झाला 1 मे 1999 रोजी. म्हणून जुने तिबेटी अजूनही या जागेला 'भंडारा'च म्हणतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नागपुरात थंडीत तिबेटी बाजारातून स्वेटर घेतले असतील. मीही घेतलेत. पण ही स्वेटरवाली बाई उरलेले आठ महिने कुठे राहते, आजारी पडली तर कुठे जाते, हे कधी मनात आलं नव्हतं. वसाहतीत एका आजींनी चहा दिला, लोण्याचा नव्हे, आपलाच साखरेचा. माझ्या पोटाकडे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कितवा महिना, ताई?" सहावा चालू होता. मग गप्पा बाळंतपणावरच गेल्या, आणि त्यातून हा भाग तयार झाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग सुमारे 80 हजार तिबेटी आले. पहिली काही वर्षं हिमालयात रस्ते बांधणीची कामं आणि तंबूतलं आयुष्य. आईबाप रस्त्यावर खडी फोडायचे आणि पोरं आजारी पडायची, म्हणून मे 1960 मध्ये धरमशालेत मुलांसाठी पाळणाघर काढावं लागलं. सुरुवातीला 51 मुलं होती. मग सरकारने शेतीसाठी जमिनी देऊन वसाहती उभारल्या. आधी कर्नाटकात बैलकुप्पे, मग मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी, आणि 1972 मध्ये आपल्या झाडीपट्टीत ही.

आता विचार करा. चार हजार मीटर उंचीवरच्या थंड, कोरड्या पठारावरची माणसं. आणि कुठे आली? जिथे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि पावसाळ्यात मलेरिया असतो. उंच पठारावर मलेरिया नाही, म्हणजे या बायकांच्या अंगात त्याच्याविरुद्ध काहीच तयारी नव्हती. ज्या बाईला लहानपणापासून मलेरिया होऊन गेलेला नाही, तिला गरोदरपणात तो झाला तर फार जड जातो. रक्त कमी होतं, गर्भपात होऊ शकतो, मूल कमी वजनाचं जन्मतं. शेजारच्या गावातल्या गोंड बाईचा प्रश्न वेगळा, तिच्याकडे सिकलसेल तपासावा लागतो. तिबेटी बाईकडे कावीळ 'ब' बघावी लागते, कारण तिबेटी निर्वासितांमध्ये तिचं प्रमाण बरंच जास्त आहे आणि ती बाळंतपणात आईकडून बाळाला लागते. जन्मल्यापासून 24 तासांच्या आत बाळाला लस टोचली तर बहुतेक वेळा वाचवता येतं. दोघी एकाच नर्सबाईकडे, एकाच रांगेत बसतात, बरं का. फक्त कार्डावर लाल शाई वेगवेगळ्या ओळीवर पडते.

तिबेटी लोक काही कोरी पाटी घेऊन आले नव्हते. त्यांचा वैद्यकग्रंथ 'ग्युशी', म्हणजे चार तंत्रं, बाराव्या शतकातला. वाग्भटाचं 'अष्टांगहृदय' त्याच्याही आधी, अकराव्या शतकात तिबेटीत गेलेलं, आणि ग्युशीवर त्याची छाप आहे. म्हणजे सिंधकाठचा वाग्भट आधी ल्हासाला गेला आणि मग तिथून फिरून गोंदियात आला! ग्युशीत गर्भाची वाढ आठवड्यांच्या हिशोबाने दिली आहे, 38 आठवडे. गर्भ आधी माशासारखा, मग कासवासारखा, मग डुकरासारखा दिसतो, असं त्यात सांगितलंय. मत्स्य, कूर्म, वराह. हा क्रम तुम्हाला ओळखीचा वाटला ना? मलाही वाटला. सतराव्या शतकाच्या अखेरीस सांग्ये ग्यात्सो यांनी याची चित्रं काढून घेतली, ती आजही पाहायला मिळतात.

पण ग्रंथ वेगळा आणि घर वेगळं. तिबेटात बाळंतपण घरीच व्हायचं, सासू किंवा शेजारीण असली तर असली. आजी म्हणाल्या, पोट दिसू लागलं तरी आम्ही बोलत नसू, बाळाचे कपडे आधी शिवत नसू, नजर लागते. आणि इकडे बघा, आपण सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांची वाडी भरून अख्ख्या गल्लीला जेवायला बोलावतो! त्यांचा सोहळा नंतर असतो, मुलगा असेल तर तिसऱ्या दिवशी, मुलगी असेल तर चौथ्या. बाळंतिणीला आपल्याकडे डिंकाचे लाडू, त्यांच्याकडे लोणी घालून गरम केलेलं जवाचं छांग. गोंदियात जव कुठला? भाताचं केलं, आजी म्हणाल्या.

त्यांना तीन मुलं. मोठा 1975 चा. जवळच्या गावची दायी आली होती, तिची झाडीबोली यांना कळेना आणि यांची तिबेटी तिला. "पण बाळंतपणाला भाषा कशाला लागते," असं त्या हसून म्हणाल्या. दुसरी मुलगी 1983 ची, सरकारी दवाखान्यात. तिसरा ऑगस्ट 1987 चा, तोही दवाखान्यात. या तिसऱ्या वेळेपर्यंत तपासण्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, सगळं नीट झालं होतं. एकाही नर्सबाईने नागरिकत्वाचा कागद मागितला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि इथे गंमत सुरू होते. गंमत म्हणवत नाही खरं तर.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे कायद्याच्या भाषेत हे लोक निर्वासित नव्हेत, परदेशी. 1939 आणि 1946 च्या कायद्यांखाली नोंदणी, तिचं नूतनीकरण. हे दोन्ही कायदे जाऊन त्यांच्या जागी 2025 चा नवा कायदा आला, पण परदेशी ते परदेशीच. मात्र आई परदेशी असली तरी बाळाचं काय? 1955 च्या नागरिकत्व कायद्यात साधी गोष्ट होती: जो इथे जन्मला तो इथला. मग आसाम आंदोलन झालं, श्रीलंकेतून निर्वासित येऊ लागले, आणि 1986 मध्ये कायदा बदलला. 1 जुलै 1987 पासून आईवडिलांपैकी एक तरी भारतीय हवा. डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली.

आता गरोदर बाईच्या कार्डावरचा हिशोब करू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात नऊ महिने सात दिवस मिळवायचे. 24 सप्टेंबर 1986 ही तारीख घातली की उत्तर येतं 1 जुलै 1987. म्हणजे त्या दिवशी शेवटची पाळी आलेल्या तिबेटी बाईच्या पोटातलं मूल चार दिवस आधी आलं तर भारतीय, वेळेवर आलं तर परदेशी. त्या वेळी हे कोणाला माहीत होतं? आजींना नव्हतं. त्यांना माहीत झालं 2010 नंतर, जेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर खटल्यात निकाल दिला. डोलकर यांचा जन्म 1986 चा, कांगड्यातला. पासपोर्ट नाकारला होता. न्यायालय म्हणालं, त्या जन्माने भारतीय आहेत, नोंदणीचा कागद परदेशी म्हणून असला तरी.

आजींच्या घरात हा निकाल असा पोचला. मोठा मुलगा कायद्याने भारतीय, पण दायीच्या हातचा, जन्माची नोंदच नाही. एका कार्यालयात त्याने वर्षभर खेटे घातले, शेवटी शाळेच्या दाखल्यावर भागलं. मुलीकडे दवाखान्याचा दाखला होता, तिचं काम सोपं. धाकट्याकडे सगळ्यात चांगले कागद, तपासणीच्या कार्डासकट, आणि तोच परदेशी. दोन महिन्यांचा फरक.

मी विचारलं, मग मोठ्या दोघांनी पासपोर्ट काढले का? आजी थोडा वेळ गप्प बसल्या. 2017 मध्ये सरकारने अटी घातल्या होत्या: नोंदणीचा कागद परत करा, निर्वासितांच्या सवलती सोडा, आणि वसाहतीत राहू नका. मुलीने काढला, ती आता बंगळुरूला असते. मोठ्याने काढला नाही. शेत आहे, म्हातारी आई आहे.

हेही सांगायला हवं की कागद दुसऱ्या बाजूनेही हलले आहेत. 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात केंद्राने राज्यांना सांगितलं की रेशन, रोजगार हमी, ग्रामीण आरोग्य अभियान या योजना वसाहतींनाही लागू कराव्यात. आरोग्य अभियान म्हणजे आशाताई, तपासणी, बाळंतपण सगळं आलं. मला विचाराल तर बाळंतपणाच्या सेवेत हा देश परदेशी बाईशी बरा वागला, तिच्या बाळाशी वागताना त्याने कॅलेंडर पाहिलं.

निघताना आजींनी त्यांच्या सुनेला बोलावलं. तिलाही पाचवा महिना. गुंतागुंत झाली तर पाऊणशे किलोमीटरवर गोंदियाचं बाई गंगाबाई रुग्णालय, हे तिला पाठ आहे. पण यंदा दिवाळीनंतर स्वेटरचा हंगाम आणि तिची तारीख एकत्र येतायत. ती नवऱ्यासोबत बाजारात जाणार की इथे थांबणार, यावरून घरात वाद चालला होता. आजींचं मत स्पष्ट होतं: इथेच थांब, नर्सबाई ओळखीची आहे. सून काही बोलली नाही. पिशवीतून तिने कार्ड काढून मला दाखवलं. तेच आपलं, माता बाल संरक्षण कार्ड. माझ्या पर्समध्येही तेच होतं. आम्ही दोघींनी ती शेजारी शेजारी ठेवून रक्ताचे आकडे बघितले. तिचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा जास्त होतं.