घर रिकामं, पण भाड्याने नाही! चंदगडच्या कुलपामागचा इतिहास

चंदगडला बदली होऊन आलेल्या कुठल्याही मास्तरांना, नर्सताईंना किंवा बँकेतल्या पोराला विचारा, पहिला महिना कसा गेला. ऑफिस सापडतं, खानावळ सापडते, खोली सापडत नाही. आणि रिकामी घरं तर डोळ्यांसमोर असतात! मालक मुंबईला, दाराला कुलूप, उघडणार थेट गणपतीला. किल्ली शेजाऱ्याकडे असते, पण उत्तर ठरलेलं : "द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. उद्या कूळ लागलं म्हणजे?"

हा 'कूळ' शब्द नीट ऐका. आपल्या कुलपाचा सगळा इतिहास त्यात आहे.

1956 पर्यंत आपण बेळगाव जिल्ह्यात होतो. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा वगळला गेला आणि कोल्हापूरला जोडला गेला. कागद कोल्हापूरचे झाले, बाजार बेळगावचाच राहिला. तालुक्याच्या गावाला बाहेरून येणारा नोकरदार, म्हणजेच भाडेकरू, आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाकडून यायचा.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, 1 एप्रिल 1957 ला कृषक दिन आला. 1948 च्या कुळकायद्याने त्या दिवसापासून जमीन कसणारं कूळच तिचं मालक मानलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना न्याय मिळाला, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरात धास्ती राहिली. आणि ज्यांना मिळाली, त्यांनीही ताब्याची ताकद डोळ्यांनी बघितली.

त्यात मुंबईची भर पडली. आपली माणसं गिरण्यांत, गोदीत कामाला गेली आणि चाळींत राहिली. तिथे 1947 चा भाडेनियंत्रण कायदा. 1 सप्टेंबर 1940 चं भाडं हाच त्याचा मूळ आधार, त्यामुळे भाडी वर्षानुवर्षं तिथेच अडकली. पुढे 1973 च्या दुरुस्तीने तर 1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे हक्क दिले. त्या कायद्याने आपल्याच लोकांचं डोकं झाकलं. पण तोच माणूस गावी घर बांधून मालक झाला, की त्याला आधी आठवते ती मालकाची अडचण.

आता सरळ बोलूया. कुळकायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या घराला तो लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी. त्यातून घरात मालकी हक्क तयार होत नाही. मात्र करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. स्टॅम्प पेपरवर अकरा महिने लिहून, नोटरी करून कपाटात ठेवला की झालं, हा गैरसमज आहे. 1999 च्या राज्य भाडेनियंत्रण कायद्याचं कलम 55 तर सांगतं, की नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची, आणि वाद झाला तर नोंदणी नसताना भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे भीतीपोटी तोंडी व्यवहार करणारा मालकच जास्त उघडा पडतो. आता ही नोंदणी ऑनलाइन होते, मुद्रांक शुल्कही एकूण भाड्याच्या पाव टक्का.

खोली मिळाली नाही की माणूस बेळगाव नाहीतर गडहिंग्लजला राहतो. पगार चंदगडचा, भाडं, किराणा, पोरांची शाळा तिकडे. मग आपणच ग्रामसभेत ओरडतो, "मास्तर मुख्यालयी राहत नाहीत!" अहो, राहायला दिलंय कोणी? आणि दिलंच तर आधी आडनाव विचारायचं, मग जेवणात काय खाता ते. ही भीती कुठल्या कायद्यातून आली नाही, ती आपलीच आहे.

मुंबईकर मंडळी गणपतीला येतीलच. आरती झाल्यावर घरात एवढा एक विषय काढा. बंद घराला ओल धरते, वाळवी लागते. आपल्या पावसात तर लवकरच. कूळ लागेल या भीतीने घर पडू द्यायचं, की नीट करार करून त्यात दिवा लावायचा?